पोह्याचा ठेला कोडमध्ये चालवायचाय? मग आधी माल संपवायला शिका

रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली की आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी पाच-सहा कॉलेजची मुलं लॅपटॉप घेऊन बसतात, माझा भाचा आणि त्याचे मित्र. गेलं वर्षभर आम्ही मिळून एक छोटं आर्थिक सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लुटुपुटीचं गाव, बनवतोय, त्यात ४० घरं आहेत, काही पोह्याचे ठेले आहेत, एक पिठाची गिरणी, एक कल्हईवाला आणि एक बाजार. नवीन येणारं प्रत्येक पोरगं आधी उत्पादन लिहितं, कारण ते लिहायला मजा येते, ठेला लावला की पोहे बनतात, पोहे विकले की पैसे येतात आणि तासाभरात स्क्रीनवर आकडे वाढायला लागतात. मग वर्षभराचे दिवस पळवले की सगळेच श्रीमंत, गोदामं तुडुंब, आणि कुणाला कशाचीच गरज नाही, बाजार बंद पडलेला. कारण माल आत येतोय पण बाहेर जातच नाहीये. तेल संपतं म्हणून तेल्याचं चालतं, पितळेच्या भांड्याची कल्हई उडते म्हणून कल्हईवाल्याला काम मिळतं. तर हा लेख त्या संपण्याचा आहे, खप, झीज आणि देखभाल कोडमध्ये कशी उतरवायची, पहिल्या दिवसापासून.

आम्ही पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरतो, पण यातलं काहीच पायथनपुरतं नाही. एक छान गोष्ट सांगून ठेवतो, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे आकडे ठेवायच्या डब्यांची, नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे आमच्या कोडात खरोखर साठा, खप, झीज अशी नावं आहेत आणि मुलांना ती चटकन वाचता येतात. खाली मी पायऱ्या साध्या मराठीतच लिहितोय, तुम्ही आपल्या भाषेत उतरवून घ्या. आणि आकडे जे देतोय ते आमच्या मॉडेलातले आहेत, कुठल्या ठेल्यावर जाऊन मोजलेले नाहीत.

पहिली पायरी: माल बाहेर जायच्या वाटा वेगळ्या करा

सुरुवातीला सगळे एकच "खप" नावाचं फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, लिहितात आणि त्यात सगळं कोंबतात. असं करू नका, पुढे फार त्रास होतो. माल चार वेगवेगळ्या कारणांनी जातो आणि चारही वाटांचे नियम वेगळे आहेत.

माणूस खातो, तो घरचा खप. ठेल्यावर पोहे करायला तेल-कांदा लागतो, तो कच्चा माल, हा जातो पण त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी तयार होतं. कढई टिकून राहावी म्हणून कल्हई लागते, ठेल्याच्या चाकाला ग्रीस लागतं, ती देखभाल, यातून नवीन काही बनत नाही, फक्त जे आहे ते तसंच राहतं. आणि चौथी वाट म्हणजे कुणी हात न लावता जाणारा माल, दूध नासतं, गव्हात सोंडे होतात. या चौघांची नावं कोडमध्ये वेगळी ठेवलीत की वर्षाच्या शेवटी तुम्हाला सांगता येतं की १०० किलो तेल कुठे गेलं. एकत्र ठेवलीत तर फक्त "गेलं" एवढंच कळतं.

दुसरी पायरी: ग्रॅम, पैसे, दिवस

सगळ्या मोजमापांना पूर्णांक वापरा. किलो नाही, ग्रॅम. रुपये नाही, पैसे. लिटर नाही, मिलिलिटर. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ मध्ये, साठवतो म्हणून ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथनमध्ये ०.३०००००००००००००००४ येते, हे एकदा स्वतः करून बघा. एका बेरजेत काही बिघडत नाही, पण ४० घरं गुणिले ३६५ दिवस गुणिले १२ वस्तू झाल्या की वहीचा ताळा बसत नाही, आणि मग चूक तुमच्या नियमात आहे की आकड्याच्या शेपटीत हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

दिवस हे एकक आम्ही ठेवलंय. तास ठेवलात तर कोड उगाच जड होतो, महिना ठेवलात तर दूध नासायला वेळच मिळत नाही. मात्र महिन्याचा दर दिवसावर आणताना सरळ ३० ने भागू नका. समजा एखादी वस्तू महिन्यात निम्मी होते. ५० टक्के भागिले ३० म्हणजे रोज १.६७ टक्के घेतलेत, तर ३० दिवसांनी निम्मी नाही, ६० टक्के उरते, कारण दर रोज उरलेल्यावर लागतो. बरोबर दर काढायला ०.५ चं तिसावं मूळ काढून १ मधून वजा करायचं, तो येतो रोज साधारण २.२८ टक्के. दर छोटा असला, महिन्याला २ टक्के वगैरे, तर फरक नगण्य, तिथे डोकं लावू नका.

आणि हे सगळे आकडे कोडच्या पोटात न लिहिता एका वेगळ्या तक्त्यात ठेवा. वस्तूचं नाव, एकक, माणशी रोजचा खप, टिकण्याचे दिवस, झीज, देखभालीला काय लागतं. साधी स्प्रेडशीट चालेल. आमच्याकडे ज्या मुलाला कोड अजून येत नाही तोही तक्ता बदलून प्रयोग करू शकतो, हा मोठा फायदा आहे.

तिसरी पायरी: वही

माझे आजोबा सियागंजात एका किराणा पेढीवर मुनीम होते. त्यांचा रोजमेळ मी लहानपणी बघितलाय, लाल कापडाची वही, आणि नियम असा की गल्ल्याला हात लागला की वहीत ओळ पडलीच पाहिजे, चार आण्याची असली तरी. सिम्युलेशनमध्ये मी हाच नियम घातलाय आणि सगळ्या लेखातून एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या: साठ्याचा आकडा बदलणारं फंक्शन अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच असू द्या.

नोंद(कोणाचा साठा, कोणती वस्तू, किती, कारण)
जर साठा अधिक किती शून्याच्या खाली जात असेल तर इथेच थांबा आणि एरर द्या
साठा बदला
वहीत ओळ लिहा: दिवस, कोण, वस्तू, किती, कारण

बस एवढंच, फक्त माल बाहेर जात असेल तेव्हा "किती" हा आकडा उणे द्यायचा. घर जेवलं की नोंद, ठेल्यानं तेल घेतलं की नोंद, दूध नासलं की नोंद. वरच्या चार वाटा म्हणजे इथलं "कारण". साठा उणे गेला तर गुपचूप शून्य करून पुढे जायचा मोह सगळ्यांना होतो, कृपा करून तसं करू नका. उणे साठा म्हणजे कुणीतरी नसलेला माल खाल्ला, आणि ज्या क्षणी ते झालं त्याच क्षणी प्रोग्रॅम थांबला तर चूक पाच मिनिटांत सापडते.

चौथी पायरी: घरांचा खप, आधी मागणी मग वाटप

इथे आमचं मोठं नुकसान झालं होतं ते सांगतो. पहिल्या रूपात कोड असा होता की घरांच्या यादीवरून एक लूप फिरते, म्हणजे कोड एकेक घर क्रमानं घेतो, आणि प्रत्येक घर बाजारातून आपल्याला हवं तेवढं पीठ उचलतं. मी दोन आठवडे त्या मॉडेलवर निष्कर्ष काढत होतो, अमुक घरं गरीब का राहतात, त्यांच्यात माणसं जास्त आहेत का, कमाई कमी आहे का. एका रविवारी भाचा म्हणाला, "मामा, हे काय होऊन राहिलंय? रोज तीच सहा घरं उपाशी, आणि ती सहाही यादीत शेवटची आहेत." तसंच होतं. पीठ कमी पडायचं त्या दिवशी पहिली ३४ घरं पोटभर जेवायची आणि शेवटच्या सहांना काहीच उरायचं नाही. गरिबी मॉडेलमध्ये नव्हतीच, ती लूपच्या क्रमात होती.

म्हणून दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात प्रत्येक घर फक्त सांगतं की मला किती हवंय, साठ्याला कुणी हात लावत नाही. दुसऱ्या टप्प्यात एकूण मागणी आणि एकूण साठा समोर ठेवून वाटप. मागणी साठ्यापेक्षा कमी असेल तर सगळ्यांना पूर्ण द्या. जास्त असेल तर प्रमाणात द्या. पाच घरांना ३-३ किलो हवंय, बाजारात १० किलो आहे, तर प्रत्येकाला २ किलो.

पूर्णांक वापरताय म्हणून एक बारीकसा गुंता इथे येतो. १०,००० ग्रॅम तीन घरांत वाटलं की ३,३३३ प्रत्येकी आणि १ ग्रॅम उरतो. तो १ ग्रॅम हवेत सोडू नका, नाहीतर वही जुळणार नाही. भागाकारात ज्याची बाकी सगळ्यात मोठी त्याला उरलेला ग्रॅम द्या, आणि बाकी सारखी असेल तर चिठ्ठी टाका, पण चिठ्ठीसाठी रँडमचं बीज (ज्या आकड्यापासून कॉम्प्युटर चिठ्ठ्या काढायला सुरुवात करतो तो) ठरलेलं ठेवा म्हणजे तोच रन पुन्हा हुबेहूब करता येतो.

खऱ्या बाजारात असं समान वाटप होत नाही हे मला माहीत आहे, तिथे भाव चढतो आणि ज्याच्या खिशात आहे तो नेतो. पण भाव हा प्रकार शेवटी घाला. आधी वाटप बरोबर चालतंय हे बघा, मग त्याच जागी भावाचा नियम बसवता येतो, बाकीच्या कोडला कळतसुद्धा नाही.

किती हवंय हे ठरवताना दोन थर करा. पहिला थर जगण्यापुरता, आमच्याकडे माणशी रोज ४०० ग्रॅम पीठ, मग घर गरीब असो की श्रीमंत. दुसरा थर उरलेल्या पैशांतून, सेव, जिलबी, नवीन भांडी. हे आम्ही मनानं ठरवलेलं नाही. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये बेल्जियमच्या कुटुंबांचे घरखर्च तपासून दाखवलं होतं की कमाई वाढली की त्यातला खाण्यावर जाणारा वाटा कमी होतो. तुमच्या मॉडेलमध्ये दोन थर घातलेत तर हे आपोआप दिसतं. एकच थर ठेवून "कमाईच्या ६० टक्के खाणं" असा नियम केलात तर श्रीमंत घर रोज वीस किलो पीठ खायला लागतं, आमच्याकडे झालंय.

पाचवी पायरी: ठेल्याचा कच्चा माल

हा भाग सोपा आहे. १०० प्लेट पोह्यांना आमच्या तक्त्यात ६ किलो पोहे, १,२०० मिलिलिटर तेल, २ किलो कांदे, आणि सेव-जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला). ठेल्याकडे जे आहे त्या प्रत्येक वस्तूला तिच्या गरजेनं भागा, सगळ्यात छोटा भागाकार म्हणजे आज किती प्लेट होतील. तेल ६०० मिलिलिटरच असेल तर ५० प्लेट, पोहे गोणीभर असले तरी. अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्टिएफ यांचं जे आदान-प्रदान कोष्टकांचं, म्हणजे कुठल्या धंद्याला दुसऱ्या धंद्याचा किती माल लागतो ते मांडणाऱ्या तक्त्यांचं, काम आहे, ज्याला १९७३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच्या मुळाशी हेच ठरावीक प्रमाण आहे. आधी किती प्लेट ते काढा, नंतरच माल वजा करा. पोहे आधी वजा केले आणि मग कळलं की तेल नाही, तर भिजवलेले पोहे वाया, आणि वहीत त्याचं कारणच नाही.

एकच सांभाळा, गॅस. प्लेटमागे थोडा गॅस लागतो हे खरं, पण कढई तापवायलाच आधी काही लागतो, मग १० प्लेट करा की २००. म्हणजे एक ठरलेला भाग आणि एक प्लेटमागचा भाग, असे दोन आकडे ठेवा. व्यावसायिक सिलेंडर १९ किलोचं असतं, ते आम्ही १९,००० ग्रॅम म्हणून घेतो आणि त्यातून रोज कमी करतो. ठरलेला भाग घातल्याबरोबर मॉडेलमधले छोटे ठेले अडचणीत आले, कारण कमी प्लेटवर तेवढाच गॅस बसतो. हा परिणाम आम्ही कुठेही लिहिला नव्हता, तो आपोआप आला, आणि सिम्युलेशन करण्यातला खरा आनंद मला तरी यातच वाटतो.

सहावी पायरी: झीज

टिकाऊ वस्तू, म्हणजे कढई, ठेला, गिरणीचं जातं, यांची झीज तीन पद्धतींनी लिहिता येते.

सरळ पद्धत: कढई १,००० दिवस टिकते, रोज एक दिवस कमी. सोपी आहे, पण सगळे ठेले एकाच दिवशी सुरू केलेत तर सगळ्या कढया एकाच दिवशी संपतात आणि त्या दिवशी बाजारात हाहाकार. सुरुवातीलाच प्रत्येक कढईचं वय वेगवेगळं द्या.

टक्क्याची पद्धत: वस्तू एकेक न मोजता ढिगानं मोजायच्या आणि महिन्याला २ टक्के कमी करायच्या. यात एक छान हिशेब हाताशी येतो. दर महिन्याला ४ नवीन ठेले येतात आणि २ टक्के मोडतात, तर आकडा शेवटी कुठे स्थिरावेल? ४ भागिले ०.०२, म्हणजे २०० वर. तिथे जेवढे येतात तेवढेच मोडतात. शून्यापासून निघालात तर अर्ध्या वाटेवर, १०० वर, यायलाच ३४-३५ महिने लागतात. हा भागाकार कोड चालवायच्या आधी कागदावर करा, म्हणजे स्क्रीनवर ७०० ठेले दिसले की लगेच कळेल काहीतरी चुकलंय. पण इथेही पूर्णांकांचा सापळा आहे. ३० कढयांचे २ टक्के म्हणजे ०.६, पूर्णांकात शून्य, आणि तुमच्या कढया अमर झाल्या. म्हणून राहिलेला भाग पुढे न्या: पहिल्या महिन्यात ६० शतांश बाजूला ठेवले, दुसऱ्यात १२० झाले, एक कढई मोडली, २० पुढे गेले.

तिसरी पद्धत नशिबाची: रोज ५०० त एक शक्यता की वस्तू मोडेल. सरासरी आयुष्य ५०० दिवस येतं, पण लक्षात ठेवा की निम्म्या वस्तू ३४७ व्या दिवसापर्यंतच मोडलेल्या असतात, सरासरी वर ओढली जाते ती चिवट निघालेल्या थोड्या वस्तूंमुळे. शिवाय यात जुनी आणि नवी कढई मोडायची शक्यता सारखीच, जे काचेच्या ग्लासला ठीक आहे, कढईला नाही.

आमचा नियम असा झालाय: फुटणाऱ्या वस्तूंना नशीब, ढिगानं असणाऱ्यांना टक्का, आणि ज्या वस्तूची देखभाल करता येते तिला यातलं काहीच नाही. तिच्यासाठी पुढची पायरी.

सातवी पायरी: देखभाल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक लोक देखभाल म्हणजे रोजचा एक खर्च समजतात, ठेल्याचे रोज २० रुपये कापले, झालं काम. आणि २० रुपये नसले तर? कुणी ठेला गायब करतं, कुणी काहीच करत नाही. दोन्ही चुकीचं आहे. ठेला एका दिवसात मोडत नाही आणि देखभाल न करताही कायम चालत नाही.

माणसाच्या खाण्यात आणि वस्तूच्या देखभालीत एक मूळ फरक आहे, तो मला फार उशिरा कळला. राहिलेलं जेवण साचत नाही, राहिलेली डागडुजी साचते. आज उपाशी राहिलेला माणूस उद्या दुप्पट जेवत नाही, तो उद्याचंच जेवतो, फक्त अशक्त झालेला असतो. पण या महिन्यात चाकाला ग्रीस लावलं नाही तर पुढच्या महिन्यात नुसतं ग्रीस पुरत नाही, बेअरिंग बदलावं लागतं. आमच्याकडे आधी दोघांना एकच नियम होता, न मिळालेला माल "बाकी" म्हणून पुढच्या दिवशी मागायचा, आणि दुष्काळानंतर घरं एका दिवसात १५ दिवसांचं पीठ मागायला लागली, भाव असता तर आभाळाला भिडला असता.

तर वस्तूला "स्थिती" नावाचा एक आकडा द्या, ० ते १,०००. रोज ४ नं उतरते. ठरलेलं सामान, समजा ग्रीस आणि कारागिराचा वेळ, पूर्ण मिळालं तर ४ परत चढते. अर्धं मिळालं तर २ चढते, म्हणजे रोज २ नं घसरण.

दिवसाची देखभाल(वस्तू)
स्थितीतून ४ वजा
मिळालेलं सामान भागिले लागणारं सामान, हा वाटा काढा
स्थितीत ४ गुणिले वाटा मिळवा
उरलेली तूट "थकीत" मध्ये जोडा

या हिशेबानं काहीच न करता सोडलेला ठेला १२५ दिवसांत १,००० वरून ५०० वर येतो, अर्धवट सांभाळलेला २५० दिवसांत. मालकाला विचार करायला वेळ मिळतो, आणि तोच वेळ मॉडेलला खरेपणा देतो. स्थितीचा परिणाम कामावर कसा होतो तेही ठरवा. आमच्याकडे ७०० च्या वर काम पूर्ण, त्याखाली प्लेटची संख्या हळूहळू कमी, ३०० च्या खाली रोज मोडायची शक्यता. आणि थकीत भरून काढायला दीडपट सामान लागतं, हे नक्की घाला, कारण ते नसेल तर वर्षाच्या शेवटी एकदम देखभाल करणं आणि रोज करणं सारखंच होतं, मग रोज कोण करेल?

झीज सुद्धा दोन भागांत तोडा. पावसात नुसता उभा ठेला गंजतो, ती काळाची झीज. कढई जेवढी चुलीवर चढते तेवढी झिजते, ती वापराची झीज. आमच्या पहिल्या मॉडेलमध्ये फक्त काळाची होती, त्यामुळे दिवसाला ३०० प्लेट विकणाऱ्याला आणि ३० विकणाऱ्याला कल्हई सारख्याच दिवशी लागायची.

हे सगळं घातलं की एक गोष्ट दिसेल आणि पहिल्यांदा दिसली की अंगावर येते. एखाद्या ठेल्याचे दोन आठवडे वाईट जातात, देखभाल राहते, स्थिती घसरते, प्लेट कमी, कमाई कमी, म्हणून देखभाल अजून राहते, आणि तो खाली खालीच जातो. हा बग, म्हणजे कोडमधली चूक, नाही. छोट्या धंद्याचं असंच होतं, आपण सगळ्यांनी आपल्या गल्लीत बघितलंय. पण मॉडेलमध्ये यातून बाहेर पडायची एकही वाट ठेवली नाही तर शेवटी सगळेच ठेले त्या विहिरीत जातात आणि बाजार मरतो. खऱ्या जगात वाटा असतात, उधारी मिळते, मोडकं सामान भंगारात जाऊन चार पैसे येतात, मालक काही दिवस भावाच्या ठेल्यावर मजुरी करतो, जुना ठेला स्वस्तात कुणी विकत घेतो. यातल्या किमान दोन तरी घाला. आम्ही उधारी आणि भंगार घातलं. भंगारात गेलेल्या कढईचं पितळ वहीत परत "आवक" म्हणून आलं पाहिजे हं, ते विसरू नका.

आता एक प्रश्न जो कोडचा नाही, तुमचा आहे. ठेलेवाल्याकडे ५० रुपये आहेत, पीठ घ्यायचं की ग्रीस? आमच्या मॉडेलमध्ये आधी घर जेवतं. या निर्णयावर आमच्याकडे एक अख्खा रविवार वाद झाला आणि मला तो वाद झाला याचं समाधान आहे. तुम्ही काहीही ठरवा, पण ते एका ओळीत, वर, स्पष्ट लिहा, लूपच्या क्रमात लपवू नका.

आठवी पायरी: नासणारा माल

दूध, कांदे, भाजी यांच्यासाठी एकच साठ्याचा आकडा पुरत नाही, माल कधी आला तेही लागतं. साठा थप्प्यांमध्ये ठेवा, प्रत्येक थप्पीला आल्याचा दिवस आणि वजन. वापरताना जुनी थप्पी आधी, टिकण्याचे दिवस संपले की उरलेली थप्पी "नासलं" या कारणानं वहीत. गव्हाला थप्प्या लावू नका, तिथे महिन्याला छोटासा टक्का सोंड्यांचा धरला की झालं. आमच्याकडे माळव्यात अजून बरीच घरं उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवतात, तेही मॉडेलमध्ये आणा. पाच माणसांचं घर, रोज २ किलो, वर्षाला ७३० किलो. बेगमी करणारं घर आणि रोज आणणारं घर यांचा खप सारखाच, पण पहिल्याला एप्रिल-मेमध्ये एकदम पैसा लागतो आणि सोंड्यांचं नुकसानही त्याचंच.

नववी पायरी: दिवसाचा क्रम

आमचा क्रम: आवक, मग घरांचा खप, मग देखभाल, मग उत्पादन, मग विक्री, शेवटी नासणं आणि वही बंद. तुमचा वेगळा असू शकतो, पण एकदा ठरला की बदलू नका.

क्रम लावताना एक गाठ येते. आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, साधारण ७० किलोमीटरवरून, पंपानं चढवून येतं, म्हणून मुलांनी मॉडेलमध्ये पाण्याला वीज लावली. बरोबरच केलं, नळाचं पाणी फुकट नसतं. मग एकानं वीजघर घातलं आणि त्याला पाणी लावलं. आता पाण्याआधी वीज हवी, विजेआधी पाणी हवं, आणि पहिल्याच दिवशी दोन्ही शून्य. उपाय साधा आहे: आजचं उत्पादन कालच्या शिल्लक साठ्यातून करायचं, आणि सुरुवातीला दोन्हींचा थोडा साठा देऊन निघायचं. आज बनलेलं उद्या वापरायला मिळेल. हा एक दिवसाचा उशीर बहुतेक सगळ्या गोल फिरणाऱ्या गरजा सोडवतो.

दहावी पायरी: तपासणी

रोज रात्री प्रत्येक वस्तूसाठी: सुरुवातीची शिल्लक अधिक आवक उणे जावक बरोबर शेवटची शिल्लक. एका ग्रॅमचाही फरक आला की प्रोग्रॅम थांबला पाहिजे. "थोडासाच आहे" म्हणून पुढे जाऊ नका.

मग छोटं गाव करा, एकच घर, एकच वस्तू, आवक बंद. ६० किलो पीठ, रोज २ किलो. ३० व्या दिवशी रात्री साठा शून्य आणि ३१ व्या दिवशी पहिली उपाशी नोंद आली पाहिजे. ३० व्यालाच आली किंवा ३२ व्याला आली तर तुमच्या क्रमात एक दिवसाची चूक आहे. हे दोन मिनिटांचं काम आहे, तरी आमच्या पहिल्या तीन मुलांपैकी दोघांचा आकडा चुकला होता.

त्यानंतर घरांची यादी उलटी करून तोच रन पुन्हा करा. एकूण उपाशी दिवस जवळपास तेवढेच राहायला हवेत आणि कुठलंही एकच घर सतत भरडलं जाता कामा नये. आमची ती सहा घरं पहिल्याच दिवशी यातून सापडली असती.

आणि शेवटी तेलाची आवक ६० व्या दिवशी १० दिवसांसाठी बंद करा आणि २०० व्या दिवसापर्यंत चालवा. खप ७० व्या दिवसानंतर लगेच सावरतो, ठेल्यांची स्थिती मात्र सावरायला कितीतरी आठवडे घेते. या दोन रेषा एकाच आलेखावर काढा. दोन्ही एकाच दिवशी सावरत असतील तर सातवी पायरी पुन्हा उघडा, थकीतचा दीडपट दर कुठेतरी लागलेला नाही.